चुकीत धरलेले शब्द

सकाळी दहा वाजता अलकाने जेवणाचं टेबल ओल्या फडक्याने पुसलं, ते वाळेपर्यंत थांबली आणि त्यावर बारा चित्रं एका ओळीत पालथी मांडली. समोर रत्नाकर बसले होते. अंघोळ झालेली, भांग पाडलेला, उजवा हात मांडीवर नुसता ठेवून दिलेला.

"हे काय आहे?" तिने पहिलं चित्र उलटलं.

कप होता. रत्नाकरांनी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. डावा हात उचलून त्यांनी ओठांशी नेला. "ते... ते... हे."

"हो, त्यातून पितात. पण म्हणतात काय त्याला? क..."

"क... क..." ओठ थरथरले आणि मिटले. "ते."

अलकाने भिंतीवरच्या घड्याळात तीस सेकंद मोजले आणि वहीत कपापुढे शून्य लिहिलं. मग फूल, मग छत्री, मासा, कुलूप. मांजराला त्यांनी "म्यांव" म्हटलं, तेव्हा त्याचा अर्धा गुण द्यावा का, या विचारात ती बराच वेळ पेन धरून बसली. शेवटी दिला नाही. पंचवीस मिनिटांत बारा शून्यं झाली.

हा एकशे चौसष्टावा दिवस होता. झटका आला तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नव्हतं. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. पाय पुष्कळसा परत आला. समजतं सगळं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते अलकालाही दिसत होतं. दूध उतू जायला लागलं की ते आधी वळून बघायचे, वर्तमानपत्र उलटं दिलं तर सुलटं करून घ्यायचे. फक्त शब्द येत नव्हते. चौतीस वर्षं सरकारी कारखान्यात, लोखंड तापवून कडक करायच्या भट्ट्यांवर काम केलेला माणूस. भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय इतकी की घरात त्यांनी मीठ मागितलं तरी शेजारी ऐकू जायचं. त्यांना आता कप म्हणता येत नव्हता.

बोलण्याचे उपचार करणाऱ्या पवित्राने पहिल्याच दिवशी एक फॉर्म दिला होता. कोणकोणत्या भाषा बोलता, घरात, बाहेर, कामावर, लहानपणी. अलकाने चारही चौकटींत मराठी लिहिलं. तिला ठाऊक नव्हतं असं नाही. चिक्कोडीजवळच्या खेड्यात रत्नाकर सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकले होते, कारखान्यातलं सगळं बोलणं कन्नडच होतं. पण सत्तावीस वर्षं तिने नववी-दहावीला भौतिकशास्त्र शिकवलं होतं, आणि प्रयोगाचा पहिला नियम तिच्या हाडांत मुरलेला होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या स्थिर ठेवायच्या. दोन भाषा एकदम कानावर पडल्या तर कशाने काय झालं ते कळणार कसं? म्हणून घरात फक्त मराठी. स्वयंपाकाला आणि रत्नाकरांच्या मदतीला येणारी गंगव्वा अथणीकडची, तिला मोडकंतोडकं मराठी यायचं, तिलाही तोच नियम. पुण्याहून रोज फोन करणाऱ्या मुलालाही तोच.

"आई, आज किती?" आशयने सकाळीच मेसेजवर विचारलं होतं. आता तिने उत्तर लिहिलं: शून्य.

लगेच फोन आला. "आई, मी वाईट बोलत नाहीये, पण सहा महिने होत आले. आमच्या खालचा फ्लॅट एक तारखेला रिकामा होतोय. मालक रविवारपर्यंत थांबतो म्हणालाय."

"गुरुवारी पवित्रा तपासणी करणार आहे. ती काय म्हणते ते बघू."

"आणि ती म्हणाली, काही फरक नाही, तर?"

"तर येऊ."

ती हे बोलली आणि तिला हलकं वाटलं. मग त्याची लाज वाटली. पण हलकं वाटलं ते खरंच होतं. पुण्यात धाकटी बहीण होती. तिथे भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, औषधांच्या दुकानात तिला धड बोलता आलं असतं. चाळीस वर्षं बेंगळुरूत काढून तिची कन्नड अजून स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं आणि कांदा-बटाट्याच्या पलीकडे गेली नव्हती. आधी लागली नाही, कारण शाळेत हिंदी-इंग्रजी चालायचं. पुढे लागली तेव्हा रत्नाकर होते. गॅसवाला, नळवाला, सोसायटीची भांडणं, सगळं तेच बघायचे. आता नळवाला आला की ती खुणा करायची आणि तोही, जणू तिलाच झटका आलाय अशा समजुतीने, मोठ्यांदा एकेक शब्द सुटा करून बोलायचा.

संध्याकाळी साडेपाचला गंगव्वा रत्नाकरांना फिरायला नेत असे. अठरा पायऱ्या उतरायच्या, गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं. चाळीस मिनिटं. तेवढा वेळ अलका दिवा न लावता आडवी पडायची. झोप यायची नाही, पण कुणाचं काही करायचं नसायचं.

त्या मंगळवारी पावणेसात झाले तरी दोघं परतले नाहीत. गंगव्वाचा फोन ओट्यावरच राहिलेला. अलकाने चप्पल घातली आणि खाली उतरली. गल्लीच्या टोकाला नाहीत. देवळापाशी नाहीत. शहाळीवाल्याला खुणेने काठी आणि लंगडणं करून दाखवलं, तर त्याने हसून पलीकडच्या रस्त्याकडे कोयता दाखवला.

कोपऱ्यावर उभ्याने खायचं हॉटेल होतं. बाहेर स्टीलची उंच टेबलं, आत गर्दी. गंगव्वा एका टेबलाशी दोन पिशव्या सांभाळत उभी होती आणि रत्नाकर रांगेत होते. एकटे. डाव्या हातात काठी. अलका पुढे धावणार, तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

"एरड काफी," रत्नाकर गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाले. थांबले. मान जराशी हलली, जसा कुणी अवघड जिना चढताना दम घेतो. "ओंद... ओंद... सक्रि ब्याड."

दोन कॉफी, एक बिनसाखरेची. इतकं अलकालाही कळलं.

ती खांबाच्या मागे झाली. का झाली ते तिला सांगता आलं नसतं. गल्ल्यावरच्या माणसाने टोकन दिलं, काही विचारलं. रत्नाकरांनी उत्तर दिलं. कॉफी ओतणाऱ्यापाशी जाऊन त्यांनी टोकन ठेवलं, काठी कट्ट्याला टेकवली, पेला उचलून घोट घेतला आणि पेला परत त्याच्यापुढे सरकवला. "बिसि इल्ला." गरम नाही. ओतणारा काहीतरी पुटपुटला, पण त्याने कॉफी पुन्हा तापवली. रत्नाकर बघत उभे राहिले, भट्टीपुढे राहायचे तसेच, वाफ नीट वर येईपर्यंत.

अलकाच्या नकळत तिची मोजणी सुरू झाली होती. चार मिनिटांत एकोणीस शब्द. त्यांतले सहा तिला कळले.

मग रत्नाकर पेला घेऊन गंगव्वाच्या टेबलाशी आले, तिथे एका टक्कल पडलेल्या गृहस्थाने त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि अलका खांबामागून बाहेर आली. रत्नाकरांनी तिला पाहिलं. तोंडात काहीतरी येत होतं ते तिथेच थांबलं. त्यांनी पेला खाली ठेवला आणि हात काढून घेतला. परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या मुलांच्या तोंडावर हे भाव तिने शेकडो वेळा पाहिले होते.

"ते... ते..." रत्नाकर म्हणाले.

गंगव्वा पिशव्या सोडून मध्ये आली. "अक्का, तुमी सांगितलेलं, घरात कन्नड बोलू नको. घरात नाय बोलले मी. एक शब्द नाय. विचारा अण्णांना." मग ज्यांना बोलता येत नाही त्यांनाच विचारा म्हटलं, हे लक्षात येऊन तिने जीभ चावली.

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन महिने होतील."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमी लिहून घेतलं असतं ना," गंगव्वा म्हणाली.

टक्कलवाल्याने हात जोडले. तो नागराज, कारखान्यात रत्नाकरांच्या हाताखाली होता, आता निवृत्त. तो हिंदीत बोलू लागला. "मॅडम, साहेबांना रागावू नका. आधी नुसतं बोट दाखवायचे. मग एकेक शब्द. आता काल एक टायवाला रांगेत मध्ये घुसला, तर त्याला साहेबांनी मागे हाकललं! कारखान्यात आम्हाला हाकलायचे तसंच. आम्ही म्हटलं, चला, साहेब कामावर रुजू झाले." तो मोठ्याने हसला. "अजून शिव्या यायच्यात, त्याही येतील."

अलका हसली नाही. "उशीर झालाय," ती म्हणाली. "औषधाची वेळ झाली." अठरा पायऱ्या चढताना रत्नाकर दोनदा थांबले, नेहमीपेक्षा एकदा जास्त.

बुधवारी तिने टेबल पुसलं, पण चित्रं मांडली नाहीत. वहीची सुरुवातीची पानं काढली. तिचंच अक्षर, शाळेतल्या प्रयोगवहीसारखं रेघा आखून. सहावा दिवस: "नीरु — चूक. पाणी म्हणायला लावलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. मग पाणी दिलं." नववा दिवस: "साकु, म्हणजे पुरे — चूक." अकरावा, बारावा, बारावा पुन्हा. महिन्याभरात चौदा वेळा चूक. मग एकतिसाव्या दिवसानंतर एकही नाही, आणि तिथे तिने लाल शाईने लिहून ठेवलं होतं: "बाहेरचे शब्द बंद. प्रगती."

ती ते पान उघडं ठेवून बसली. दोन मिनिटं चाळीस सेकंद तिने तहानलेल्या माणसाच्या हातात पाण्याचा पेला दिला नव्हता. प्रेमानेच. घड्याळ लावून.

आतून टीव्हीचा आवाज येत होता. हॉटेलात पाहिलेलं कुणाला सांगितलं नाही, तर काय होईल? हा विचार आला तेव्हा तिने त्याला लगेच हाकललं नाही. उद्या पवित्रा चित्रं दाखवेल, मराठीत शून्य येईल, शून्य हे खोटं नसेल. रविवारी आशय मालकाला हो म्हणेल. तिचे गुडघे, तिची झोप, तिची बहीण. तिथे घरी मदतीला मराठी बोलणारी बाई मिळेल आणि रत्नाकर टीव्हीपुढे बसतील, नीट कपडे घातलेले, जेवलेले, गप्प. कुणी तिला दोष देणार नाही. एवढं केलं बाईने, असंच म्हणतील.

तिने वही मिटली. दुपारभर तिचं डोकं दुखत राहिलं.

गुरुवारी पवित्राच्या खोलीत चाळीस चित्रं होती. पवित्रा तिशीची असेल, आवाज मऊ, घाई कधी नाही. मराठी शब्द तिने अलकाकडूनच लिहून घेऊन पाठ केले होते. विसाव्या चित्रापर्यंत दोन बरोबर आले, आणि त्यांतला एक "आई" होता, जो ते कशालाही म्हणत. रत्नाकरांच्या कपाळावर घाम जमला. पवित्राने कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"मॅडम, सर खूप प्रयत्न करतायत," ती इंग्रजीत म्हणाली. हे वाक्य कशाची सुरुवात असतं, ते अलकाला माहीत होतं. पालकांना ती स्वतः असंच सांगायची.

रत्नाकर टेबलाच्या कडेकडे बघत होते.

"त्यांना कन्नडमध्ये विचारा," अलका म्हणाली.

"कन्नड? फॉर्मवर तर..."

"फॉर्म मी भरला. चुकीचा भरला." तिने पर्स उचलली. "मी बाहेर बसते. मी समोर असले की ते बोलणार नाहीत. माझ्यासमोर चुकतं, असं त्यांना वाटतं. मीच शिकवलंय ते."

बाहेरच्या बाकावर ती बसली. दार पूर्ण लागत नव्हतं. आधी पवित्राचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग रत्नाकरांचा आवाज. पहिला शब्द तुटका, दुसरा तुटका. मग पवित्रा हसली आणि तिने काहीतरी विचारलं, आणि रत्नाकर बोलले. मोठ्यांदा. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी डोकावून पाहिलं. तो आवाज तिने सहा महिन्यांत ऐकला नव्हता. भट्टीवरून येणारा, मीठ मागणारा. शेजारच्या बाकावरच्या बाईने तिच्याकडे पाहून कन्नडमध्ये काहीतरी चांगलंच म्हटलं असावं. अलकाने मान हलवली.

पवित्रा बाहेर आली ती कागद घेऊनच. "चाळीसपैकी तेवीस," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, मॅडम."

"हो."

"आपण सहा महिने..."

"हो," अलका पुन्हा म्हणाली.

पवित्राने पुढचं बोलणं सोडून दिलं. कुठली भाषा आधी परत येईल ते सांगता येत नाही, तिने समजावलं. कधी लहानपणची, कधी कामावरची. ज्या भाषेत जीव जास्त गुंतलेला ती आधी येते, असं काही नसतं. मराठी मागून येईलही.

"नक्की?"

"नक्की नाही. पण कन्नड बोलणं बंद केलं तर जे आलंय तेही जाऊ शकतं. त्यांना बोलायला माणसं हवीत, दिवसभर. दुकानं, शेजारी, मित्र. चित्रांपेक्षा ते बरं." तिने कागद पुढे केला. "ती कॉफीची गोष्ट त्यांनीच सांगितली मला. रांगेत उभं राहणं, सांगणं, परत करणं. आमच्याकडे लोकांना तिथवर यायला वर्ष लागतं. तुम्ही बघितलंत?"

"खांबामागून," अलका म्हणाली.

संध्याकाळी सातला आशयचा फोन आला. तिने सगळं सांगितलं, आकड्यांसह. यशवंतपूरच्या याच गल्लीत क्रिकेट खेळत तो मोठा झाला होता. कन्नड त्याला तिच्यापेक्षा शंभरपट बरी यायची.

"आई, मी बोलेन ना त्यांच्याशी! तुम्ही या इकडे. मी रोज बोलेन कन्नडमध्ये."

"कधी?"

"ऑफिसहून आलो की."

"आठला. आणि सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत?"

"आई..."

"तिथे रांगेत कोण आहे त्यांच्या ओळखीचं? परत कर म्हटलं तर कोण कॉफी तापवून देणार आहे त्यांना?" तिचा आवाज चढला नाही, नुसता बसत गेला. "मालकाला नाही म्हणून सांग."

"आणि तू? तू काय करणार तिथे? तुला धड रिक्षा सांगता येत नाही."

"येत नाही," अलका म्हणाली. "मला यायचं होतं तिकडे, आशय. खोटं कशाला बोलू? मी मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली होती." तिने डोळे मिटले. "पण ते इथे बोलतात."

मग तो म्हणाला, "बाबांना दे."

तिने फोन स्पीकरवर टाकून रत्नाकरांसमोर टेबलावर ठेवला आणि स्वतः मागे सरली. आशय कन्नडमध्ये बोलू लागला. इतक्या झरझर, इतक्या वेगळ्या आवाजात की तिला तो क्षणभर ओळखू येईना. रत्नाकर चमकले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. अलकाने मान हलवली: बोला. ते तरीही तिच्याकडेच बघत राहिले, तेव्हा ती वळून खिडकीपाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली.

मागे एक शब्द पडला. मग दोन. आशय हसला, काहीतरी खोडकर म्हणाला असावा, कारण रत्नाकरांच्या घशातून तसा आवाज आला. बाप-लेक बोलत होते आणि तिला त्यातलं काही कळत नव्हतं. खाली एक टेम्पो मागे घेत होते; कुणीतरी ओरडून दिशा सांगत होतं. तेही कळत नव्हतं. अजून किती वर्षं, असा विचार तिच्या मनात आला. आता ही भाषा शिकावी लागणार, या वयात, आणि शिकवणारी गंगव्वा.

मागे एकाएकी शांत झालं.

"आई," आशयचा आवाज बदलला होता. "ऐकतेयस?"

"काय झालं?"

"बाबा म्हणतायत, तुझी आई दमलीय."

अलका खिडकीतून वळली. रत्नाकर तिच्याकडे बघत होते, भुवया जराशा वर, बरोबर आलं का असं विचारल्यासारखे. सहा महिन्यांत डॉक्टरांनी, बहिणीने, शेजाऱ्यांनी तिला हिमतीची म्हटलं होतं. हे कुणी म्हटलं नव्हतं. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"त्यांना सांग, खरं आहे," ती थोड्या वेळाने म्हणाली. "आणि विचार, आज नुसती खिचडी केली तर चालेल का. गंगव्वा लवकर गेलीय."

आशयने विचारलं. रत्नाकरांनी विचार केला. नेहमी जे पानात पडेल ते मुकाट्याने खाणारा माणूस खिचडीचा विचार करत होता. मग त्यांनी तोंड वाकडं केलं, मान हलवली आणि स्वच्छ, मोठ्यांदा, शेजारी ऐकू जाईल असं म्हणाले, "उप्पिट्टु."

"उपमा हवाय त्यांना," आशय म्हणाला.

"कळलं," अलका म्हणाली.

ती तशीच बसून राहिली, आणखी दोन मिनिटं असतील. मग टेबलाला हात टेकून उठली आणि रव्याचा डबा शोधायला गेली. रवा होता. भाजलेला नव्हता.